रेघ मोकळी ठेवायची : मासिकांची नोंद कशी करावी



आज बचत, कर्ज, व्याज यातलं काही बोलणार नाही. आज रद्दीबद्दल बोलायचं आहे. म्हणजे आपण जिला रद्दी म्हणतो तिच्याबद्दल.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या वाचनालयातलं मासिकांचं कपाट रिकामं करायचं ठरलं. २०१९ च्या पुरात खालचा कप्पा भिजला होता, २०२१ ला पुन्हा भिजला. वाळवी लागेल म्हणून सगळंच काढून टाकू, असा विचार. साफसफाईला आमच्या गटाच्या बायका गेल्या होत्या. रद्दीवाला आला, त्यानं काटा लावला, आणि तेवढ्यात आमच्या गटातल्या एक आक्का पुढं आल्या. वय सत्तरीच्या पुढचं. म्हणाल्या, "थांबा जरा. त्यात माझं पत्र हाय."

आम्ही सगळ्याजणी बघतच राहिलो. आक्का सांगू लागल्या, "लगीन होऊन आले त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी लिहिलेलं. हुंड्यावर लिहिलं हुतं. बायकांच्या मासिकात छापून आलं. सासऱ्यांनी वाचलं आणि आठ दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. पण मासिक काय त्यांनी फाडलं न्हाई, वाचनालयात नेऊन दिलं."

रद्दीवाल्याला चहा पाजून परत पाठवलं आणि आम्ही शोधायला बसलो. दोन दिवस शोधलं. गठ्ठे सुतळीनं बांधलेले, पण कशाचाच कशाला मेळ नाही. एका वर्षाचे अंक तीन गठ्ठ्यांत. वर आणखी घोळ असा, की त्या मासिकाचं नाव मध्येच बदललं होतं. जुन्या नावाचे अंक एका कप्प्यात, नव्या नावाचे दुसऱ्या कप्प्यात, आणि ही दोन्ही एकच मासिक आहे हे सांगणारी एक चिठ्ठीसुद्धा कुठं नव्हती. पत्र सापडलं नाही. पण ते नव्हतंच, की होतं आणि आम्हाला दिसलं नाही, हेही सांगता येईना. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मग कोल्हापुरातल्या एका ग्रंथपाल मॅडमना भेटले. त्यांनी दोन दुपारी बसवून मला मासिकांची नोंद कशी करतात ते शिकवलं. ते तुम्हाला सांगते. अवघड काही नाही. ज्या बाईला गटाची हिशोबाची वही लिहिता येते, तिला हे येतंच.

पुस्तक वेगळं, रतीब वेगळा

पुस्तक एकदा छापलं की पुरं झालं. त्याचं नाव, लेखक, पानं, किंमत लिहिली की नोंद संपली. मासिक हे दुधाच्या रतीबासारखं. आज आलं, पुढच्या महिन्यात पुन्हा येणार, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. कधी थांबेल ते ठरलेलं नाही. अशा प्रकाशनाला नियतकालिक म्हणतात, कारण ते ठराविक काळानं येतं.

ओळखायचं कसं? तीन खुणा बघायच्या. सगळ्या भागांना एकच नाव आहे का? प्रत्येक भागावर अंकाचा क्रमांक किंवा तारीख आहे का? आणि शेवट न ठरवता ते चालू आहे का? तिन्हीला हो असेल तर ते नियतकालिक.

या हिशोबानं दैनिक, साप्ताहिक, पाक्षिक, मासिक, त्रैमासिक ही तर नियतकालिकं आहेतच. पण दरवर्षी येणारं पंचांगही त्यातच येतं. १९७३ पासून घरोघरी भिंतीवर लागणारं कालनिर्णयही त्यातच. तुमच्या ग्रामसंघाचा दरवर्षीचा वार्षिक अहवालसुद्धा त्यातच. याउलट मराठी विश्वकोश बघा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी सुरू केलेलं हे काम कित्येक वर्षं चाललं, पण ते वीस खंडांत पुरं होणारं होतं. शेवट ठरलेला आहे, म्हणून ते नियतकालिक नाही. ते अनेक खंडांचं पुस्तक.

कार्डावर काय लिहायचं

एका नियतकालिकाला एक कार्ड. प्रत्येक अंकाला वेगळं नाही. कार्ड म्हणजे जाड पुठ्ठ्याचा तुकडा किंवा वहीचं एक पान, काहीही चालतं.

सगळ्यात आधी नाव. अंकावर जसं छापलंय तसंच लिहायचं. आपल्या तोंडी बसलेलं नाव नाही, छापलेलं. नाव शक्यतो पहिल्या अंकावरून घ्यायचं. पहिला अंक आपल्याकडे नसेल तर हाताशी असलेला सगळ्यात जुना अंक घ्यायचा, आणि ही नोंद कोणत्या अंकावरून केली ते खाली लिहून ठेवायचं. उद्या कुणाकडं त्याहून जुना अंक निघाला, तर तिला कळतं की आधीची नोंद कशावर उभी आहे.

नावानंतर ते किती दिवसांनी निघतं ते. मग प्रकाशक आणि गाव. हे मुखपृष्ठावर सापडत नसेल तर आतल्या किंवा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. मालक कोण, मुद्रक कोण, कुठं छापलं, कुठून प्रसिद्ध केलं, ते सगळं तिथं असतं. ती ओळ आपण कधी वाचत नाही, पण नोंद करणारीला तीच उपयोगी पडते.

मग सुरुवातीची तारीख, आणि तिच्यापुढं एक रेघ. समजा, 'स्त्री' मासिकाचं कार्ड करतोय. शंकरराव किर्लोस्करांनी ते ऑगस्ट १९३० मध्ये किर्लोस्करवाडीहून सुरू केलं. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातलंच हे गाव. तर मासिक चालू असताना कार्डावर असं लिहायचं : 'ऑगस्ट १९३० –'. रेघेच्या पुढं काही लिहायचं नाही, जागा मोकळी ठेवायची. मासिक चालू आहे तोवर ती मोकळीच राहते. बंद पडलं आणि शेवटचा अंक कळला, की मग तिथं तारीख घालायची.

त्याखाली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : आपल्याकडं काय आहे. मासिक कधीपासून कधीपर्यंत निघालं ही एक गोष्ट, आणि त्यातलं आपल्या कपाटात काय आहे ही दुसरी. या दोन्ही वेगवेगळ्या लिहायच्या. 'आहेत' आणि 'नाहीत' असे दोन रकाने करायचे. 'नाहीत'चा रकाना लिहायला आपल्याला लाज वाटते, वाचनालयाची अब्रू गेल्यासारखं वाटतं. पण खरं काम तोच रकाना करतो. का, ते शेवटी सांगते.

संपादक बदलला तर?

आता माणसं बदलतात, गावं बदलतात, तसं मासिकही बदलतं. मग दरवेळी नवीन कार्ड करायचं का? नाही.

बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' घ्या. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र. ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत निघालं, म्हणून आजही ६ जानेवारी आपल्याकडं पत्रकार दिन असतो. सुरुवातीला ते पंधरा दिवसांनी निघायचं, काही महिन्यांतच दर आठवड्याला निघू लागलं. काळ बदलला, पण नाव तेच. म्हणून कार्ड एकच. फक्त त्यावर लिहायचं, आधी पाक्षिक, नंतर साप्ताहिक.

'दीनबंधु'चं बघा. सत्यशोधक चळवळीचं हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलं. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईहून चालवलं. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तानुबाई बिर्जे यांनी ते सांभाळलं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक बाई वृत्तपत्राची संपादक होती, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत होतं? मलाही नव्हतं. तर गाव बदललं, संपादक बदलले, नाव तेच राहिलं. कार्ड एकच. पण संपादकांची नावं त्या कार्डावर टीप म्हणून लिहायची. नाहीतर तानुबाईंसारख्या बाईचं काम कुणाच्या तरी नावाखाली झाकून जातं.

मुखपृष्ठ बदललं, आकार लहानमोठा झाला, किंमत वाढली, छापखाना बदलला, तरी कार्ड तेच.

नाव बदललं तर?

नाव बदललं की मात्र नवीन कार्ड. हा या सगळ्या शास्त्रातला कळीचा नियम आहे, आणि तो आपल्याला पटकन समजेल, कारण आपण त्यातून गेलेल्या असतो.

लग्न झालं की आपलं नाव बदलतं. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं. बँकेत खातं उघडायला गेलं की साहेब विचारतात, ही बाई कोण आणि ही कोण? मग आपण प्रतिज्ञापत्र करायचं, की दोन्ही मीच. मासिकांचंही तसंच आहे.

पूर्वी कित्येक ग्रंथालयं असं करायची, की नाव बदललं की जुनं कार्ड फाडायचं आणि सगळे अंक शेवटच्या नावाखाली नोंदवायचे. म्हणजे माहेरचं नाव पुसूनच टाकायचं. काही ठिकाणी याच्या उलट होतं, पहिल्याच नावाखाली सगळं. दोन्हीत अडचण एकच. जिच्या हातात मधल्या काळातला अंक आहे, तिला त्यावरच्या नावानं कार्ड सापडत नाही. १९६७ साली इंग्लंड-अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी मिळून जे नियम केले, तेव्हापासून रीत बदलत गेली. आता प्रत्येक नावाला त्याचं स्वतःचं कार्ड. जुन्या कार्डावर लिहायचं 'पुढचं नाव अमुक', नव्या कार्डावर लिहायचं 'आधीचं नाव तमुक'. कुठल्याही नावानं शोधा, दुसऱ्या नावापर्यंत पोचता येतं. कुणाचंच नाव पुसलं जात नाही.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचं 'जनता' हे पत्र १९३० साली सुरू झालं. ४ फेब्रुवारी १९५६ पासून त्याचं नाव 'प्रबुद्ध भारत' झालं. त्याची दोन कार्डं अशी होतील :

नाव : जनता
गाव : मुंबई
काळ : १९३० – १९५६
पुढचं नाव : प्रबुद्ध भारत (मुंबई)

नाव : प्रबुद्ध भारत (मुंबई)
गाव : मुंबई
काळ : ४ फेब्रुवारी १९५६ –
आधीचं नाव : जनता

आता तुम्ही विचाराल, 'प्रबुद्ध भारत'च्या पुढं कंसात मुंबई कशाला? कारण त्याच नावाचं आणखी एक नियतकालिक आहे. स्वामी विवेकानंदांच्या प्रेरणेनं १८९६ मध्ये मद्रासमध्ये सुरू झालेलं, रामकृष्ण संघाचं इंग्रजी मासिक. नाव सारखं, घर वेगळं. एका गल्लीत दोन सुनीता असल्या की आपण कसं म्हणतो, वरच्या आळीची सुनीता आणि खालच्या आळीची, तसंच हे. 'वार्तापत्र', 'वार्षिक अहवाल' अशी कुणाचीही असू शकणारी नावं असतील, तर पुढं गाव किंवा संस्थेचं नाव लिहायलाच हवं.

आणखी एक बारकावा. बाबासाहेबांनी त्याआधी 'मूकनायक' काढलं होतं, ३१ जानेवारी १९२० ला. त्याला आपल्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली होती. ते तीनेक वर्षांत बंद पडलं. मग ३ एप्रिल १९२७ ला त्यांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केलं. इथं नाव बदललेलं नाही. एक पत्र संपलं, मध्ये काही वर्षं गेली, दुसरं नव्यानं सुरू झालं. त्यामुळं 'आधीचं नाव' असं लिहायचं नाही. दोन कार्डं, दोन्हींचे काळ वेगळे. 'स्त्री'च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ साली पुण्यात 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं, त्याचंही असंच. माणूस एकच, म्हणून मासिक एक होत नाही.

आणि नावातला प्रत्येक फरक म्हणजे नाव बदलणं नव्हे. ऱ्हस्वदीर्घ सुधारलं, 'व'च्या जागी 'आणि' आलं, नावाला 'मासिक' हा शब्द जोडला किंवा काढला, तर कार्ड तेच राहतं. फक्त टीप लिहायची. 'किर्लोस्कर खबर'चं मात्र वेगळं. १९२० साली ते कारखान्याचं पत्रक म्हणून निघालं, पुढं सगळ्यांसाठीचं मासिक झालं आणि नाव नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं. तिथं दोन्ही नावांची कार्डं करून एकमेकांशी जोडलेली बरी, कारण शोधणारी कुठल्याही नावानं येईल.

दुधाचं कार्ड आणि रंगनाथन

आपल्या देशात ग्रंथालयाचं शास्त्र घडवलं ते शि. रा. रंगनाथन यांनी. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होते. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. पुस्तकं वापरण्यासाठी असतात आणि वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, ही त्यातलीच दोन. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस, तो देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात.

नियतकालिकांसाठी त्यांनी तीन कार्डांची पद्धत बसवली. पहिल्या कार्डावर प्रत्येक अंक आला की नोंद. दुसरं कार्ड, कोणता अंक कोणत्या आठवड्यात यायला हवा ते बघण्यासाठी. आठवडा संपला आणि अंक आला नाही, की ते कार्ड तिथंच अडकून राहतं आणि ग्रंथपालाच्या ध्यानात येतं, की पत्र पाठवायला हवं. तिसरं कार्ड विषयाचं, शेतीची कोणती, आरोग्याची कोणती, आणि कुठल्या वर्षाचे अंक आपल्याकडं आहेत.

मला हे ऐकून दूध संस्थेचं कार्ड आठवलं. त्यावर सकाळ-संध्याकाळचे रकाने असतात. एक रकाना रिकामा राहिला की आपल्याला लगेच कळतं, त्या संध्याकाळी म्हैस आटली होती, की मापाड्यानं लिहायचं राहिलं. दहा दिवसांनी बिल येतं तेव्हा आपण आधी तो रिकामा रकाना दाखवतो. मासिकाचंही बारा महिन्यांचे बारा रकाने आखा. अंक आला की तारीख घाला. अंक आला नाही हे त्याच महिन्यात कळलं, तर प्रकाशकाकडून मागवता येतो. दहा वर्षांनी कळलं तर कुठून आणणार?

रकाने भरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, जोडअंक. दिवाळीच्या वेळी कित्येक मासिकं दोन महिन्यांचा मिळून एकच अंक काढतात. त्यावर 'ऑक्टोबर-नोव्हेंबर' किंवा 'अंक १०-११' असं छापलेलं असतं. तेव्हा नोव्हेंबरचा अंक हरवलेला नसतो, तो निघालेलाच नसतो. दोन्ही रकान्यांत जोडअंक असं लिहा. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडं दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली असं मानतात. मासिकाचा दिवाळी अंक त्या मासिकाच्याच कार्डावर जातो. पण वर्षातून फक्त दिवाळीलाच निघणारा अंक असेल, तर त्याचं स्वतंत्र कार्ड, वार्षिक म्हणून.

दुसरी गोष्ट, शके. जुन्या अंकांवर कधीकधी नुसतं 'शके १८५२, श्रावण' असं असतं. शके सालात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९३०. पौष मध्यापासून फाल्गुनापर्यंतचा महिना असेल तर ७९ मिळवायचे, कारण तोवर जानेवारी लागलेला असतो. छापलेलं साल तसंच लिहायचं आणि आपण काढलेलं बाजूला.

आठ आकड्यांची खूण

कित्येक अंकांवर चार-चार आकड्यांचे दोन गट मध्ये रेघ देऊन छापलेले असतात. कधी शेवटी आकड्याऐवजी एक्स हे अक्षर असतं. हा त्या नियतकालिकाचा जागतिक क्रमांक, त्याला आयएसएसएन म्हणतात. या क्रमांकाचं मुख्य केंद्र पॅरिसला आहे, आपल्या देशाचं दिल्लीला. हा आधार क्रमांकासारखा, पण एक फरक आहे. आपण नाव बदललं तरी आधार क्रमांक तोच राहतो. मासिकाचं नाव बदललं तर त्याला नवीन क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे जे आपण कार्डावर केलं, तेच तिथंही. अंकावर क्रमांक असेल तर कार्डावर लिहा. पण जुन्या अंकावर तो नसणारच, कारण ही पद्धत १९७० नंतरची आहे.

हा क्रमांक आणि नीट लिहिलेलं नाव, हे दोन्ही दुसऱ्या ग्रंथालयात विचारायला गेलं की कामाला येतात. कोल्हापुरात १८५० साली स्थापन झालेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे. शिवाजी विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १९५४ च्या कायद्यानं प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह ठराविक ग्रंथालयांना द्यावी लागते, आणि १९५६ पासून वर्तमानपत्रंही त्यात आली. म्हणून जुनं काही शोधायचं तर या ठिकाणी विचारायला हरकत नाही. पण तिथं जाऊन "साठ-सत्तरच्या सुमाराचं बायकांचं एक मासिक" असं म्हटलं, तर समोरचा माणूस तरी काय करणार? नाव, वर्ष, महिना, अंक क्रमांक चिठ्ठीवर असेल, तर तो लगेच यादी उघडतो.

आपल्या गटाचं पत्रक

आता आपल्याकडं येते. बऱ्याच ग्रामसंघांची, प्रभागसंघांची छोटी पत्रकं निघतात. कुणी झेरॉक्सवर काढतं, कुणी कोल्हापुरात छापून आणतं. त्यात कुणी म्हैस कशी घेतली, कुणी दारूचं दुकान कसं बंद केलं, कुणी सातबाऱ्यावर नाव कसं लावलं, हे असतं. उद्या आपल्या गावातल्या बाईचा इतिहास लिहायला कुणी आलं, तर तो दुसऱ्या कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, याच पत्रकांत सापडेल. म्हणून एवढं करा :

पत्रकाचं नाव एकदा ठरवा आणि उगीच बदलू नका. बदलावंच लागलं, तर नव्या अंकाच्या पहिल्या पानावर 'आधीचं नाव' छापा.

प्रत्येक अंकावर वर्ष, अंक, महिना आणि साल छापा. 'दिवाळी विशेष' एवढंच छापू नका. कुठली दिवाळी, हे दहा वर्षांनी कुणालाच आठवत नाही.

दोन अंक एकत्र काढले तर दोन्ही क्रमांक छापा. मध्ये बंद पडून पुन्हा सुरू केलं, तर पुढचाच क्रमांक द्या आणि किती महिने बंद होतं ते लिहा.

लिहिणाऱ्या बाईचं पूर्ण नाव आणि गाव छापा. नुसतं 'एक भगिनी' नको. तिनंच नाव नको म्हटलं, तर गोष्ट वेगळी.

एक संच ग्रामसंघाच्या कपाटात, एक वाचनालयात. दोन्ही एकाच घरात नकोत. आणि आपल्या भागात पूर येतो, तर खालचा कप्पा रिकामा ठेवा.

आणि एक वही घाला. एका पानावर एक नियतकालिक. गटाची बैठक असते त्या दिवशी दहा मिनिटं त्या वहीला द्या.

आक्कांचं कार्ड

आमच्या वाचनालयातली मासिकं आता अशी लावून झाली आहेत. चौघीजणी, तीन महिने, दर मंगळवारी दुपारी. आक्काही यायच्या. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, तर आम्ही वाचायचो आणि त्या गठ्ठे बांधायच्या. त्यांच्या मासिकाची दोन कार्डं झाली, जुन्या नावाचं एक आणि नव्या नावाचं एक, एकमेकांना जोडलेली. आक्कांच्या लग्नाचं साल धरून त्यानंतरची तीन वर्षं पानन् पान बघितली. पत्र नव्हतं. पण आता 'नाहीत'च्या रकान्यात त्या तीन वर्षांतले नेमके चार अंक उरले होते. त्यातला एक दिवाळीच्या अगोदरच्या महिन्याचा.

मी जरा घाबरतच आक्कांना सांगितलं, की आपल्याकडं तो अंक नाही. वाटलं, त्यांना वाईट वाटेल. त्या थोडा वेळ कार्डाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे पत्र हरवलं न्हाई पोरी. हितं न्हाई, एवढंच. दुसरीकडं असंल."

आधी छत्तीस अंकांत शोधायचं होतं, तेही कुठले छत्तीस ते माहीत नव्हतं. आता चार उरलेत. त्यांची नावं, वर्षं, महिने, क्रमांक मी एका चिठ्ठीवर लिहून घेतलेत. पुढच्या आठवड्यात आक्कांना घेऊन एसटीनं कोल्हापूरला जाणार आहे. तिथं नाही मिळालं तर मुंबईला पत्र टाकायचं. आक्कांच्या कार्डावर सुरुवातीच्या तारखेपुढची रेघ मात्र आम्ही मोकळी ठेवली आहे, कारण शेवटचा अंक अजून कुणाच्या हाताला लागलेला नाही.

तुमच्या गावच्या वाचनालयात, शाळेच्या कपाटात, कुणाच्या माळ्यावर असे गठ्ठे असतील, तर काटा लावण्याआधी एकदा उघडून बघा. कुणाचं पत्र असेल, सांगता येत नाही.